देवाचे खांदे दुखतात का?

पैठणला एकनाथांच्या घरी बारा वर्षे एक गडी पाणी भरत होता. नाव श्रीखंड्या. कावडीने गोदावरीचे पाणी आणायचे, रांजण भरायचा, चंदन उगाळायचे. तो साक्षात द्वारकेचा श्रीकृष्ण होता हे कळले तेव्हा तो निघून गेलेला होता. जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल आपल्याला ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडे धान्याचे पैसे भरणाराही ठाऊक आहे. देव माणसाच्या रूपात येतो म्हटल्यावर मराठी माणूस दचकत नाही. उलट विचारतो, “कोणाच्या घरी आला होता?”

आता एक आगाऊ प्रश्न. बारा वर्षे कावड वाहून श्रीखंड्याचे खांदे दुखले का? घट्टे पडले का? एखाद्या पावसाळ्यात हिवतापाने अंथरूण धरले का? कथेला याच्याशी देणेघेणे नाही. देव भक्तासाठी राबला, एवढ्यावर तिचे काम होते. असले काही विचारणारा श्रोता कीर्तनात अरसिक ठरेल.

ख्रिस्ती धर्मात मात्र हा अरसिक प्रश्नच गाभ्याशी आहे. देव येशूमध्ये माणूस झाला, ही ख्रिस्ती श्रद्धा. मराठी ख्रिस्ती तिला ‘देहधारण’ म्हणतात. देव माणूस झाला म्हणजे नेमके काय झाले, यावर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या शहरांत चारशे वर्षे वाद चालला. बिशप हद्दपार झाले, सम्राट मध्ये पडले, मंडळ्या फुटल्या. त्यातल्या काही फुटी आज केरळातही पाहायला मिळतात.

विहिरीच्या काठावर

वादाची सामग्री शुभवर्तमानांतच, म्हणजे येशूच्या चरित्रांतच, आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोन प्रांतातून चाललेला असतो. भर दुपार, चालून चालून दमलेला, म्हणून याकोबाच्या विहिरीवर टेकतो आणि पाणी भरायला आलेल्या परक्या जातीच्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. मार्क सांगतो की गालीलच्या सरोवरात वादळ उठले तेव्हा तो नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके टेकून झोपला होता. मित्र लाजराच्या कबरीपाशी तो रडतो. जगाचा शेवटचा दिवस कधी, हे पुत्रालाही माहीत नाही, असेही तो एकदा सांगून टाकतो. लूक तर म्हणतो की लहानपणी तो अंगाने वाढला तसा शहाणपणानेही वाढला. म्हणजे आधी त्याचे शहाणपण कमी होते.

पण हीच पुस्तके दुसरेही सांगतात. झोपेतून उठलेला तोच माणूस वादळाला दटावतो आणि वादळ थांबते. पापांची क्षमा करणे हे देवाचे काम. ते तो स्वतःच्या अधिकारात करतो. योहानाच्या सुरुवातीलाच आहे की जगाच्या आधीपासून देवाजवळ असलेला आणि स्वतः देव असलेला ‘शब्द’ हाडामांसाचा झाला. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेले पत्र येशूच्या मृत्यूनंतर पंचवीस-तीस वर्षांतले. त्यातही देवाच्या बरोबरीचा असूनही स्वतःला रिते करून दासाचे रूप घेणाऱ्या येशूचे वर्णन आहे.

हे लिहिणारे बहुतेक यहुदी होते, ही गोष्ट सहज निसटते. देव एकच, त्याची मूर्ती नाही, त्याचे नावही उच्चारायचे नाही, अशा घरांत ही माणसे वाढली. ग्रीक किंवा रोमन माणसाला माणसाच्या वेषातला देव नवा नव्हता. त्यांच्या पुराणांत झ्यूस बैलाचेही रूप घेतो. यहुद्याला मात्र हे बोलणे जिभेवर आणणेच कठीण होते. तरी इ. स. ११२च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. उपासना आधी सुरू झाली, तिचा अर्थ लावायला पुढची तीन-चार शतके लागली.

सोपी उत्तरे

एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दमलेला माणूस. कोडे सोडवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक बाजू थोडी सैल करायची.

पहिल्यांदा सैल झाली ती माणसाची बाजू. काहींनी म्हटले, शरीर नुसता भास होता. देवाने माणसाचे सोंग घेतले. तहान दाखवली, ती लागली नव्हती. अंत्युखियाचा बिशप इग्नातियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेला जात होता, तिथे त्याला श्वापदांपुढे टाकायचे होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांतून त्याने या मताला एक रोखठोक प्रश्न केला: त्याचे दुःख भास असेल तर माझ्या अंगावरच्या बेड्या कशासाठी? वादातला सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद मला हाच वाटतो, कारण तो ग्रंथातून आलेला नाही.

मग दुसरी बाजू सैल झाली. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणाला, पुत्र थोर आहे, साऱ्या सृष्टीच्या आधी निर्माण झालेला आहे. पण निर्माण झालेला आहे. तो नव्हता अशी अवस्था होती. यात तर्काला कुठे अडखळायला होत नाही, आणि आरियसने आपले मत गाण्यांतून खलाशांपर्यंत पोचवले असेही सांगतात. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३२५ साली आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया गावी बिशपांची परिषद बोलावली. तिने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असे ठरवले. वाद तिथे मिटला असे शाळकरी पुस्तकात असते. खरे तर तो तिथे पेटला. नायसियाच्या बाजूने उभा राहिलेला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस पुढे पाच वेळा हद्दपार झाला. सम्राट बदलला की कोणते मत खरे तेही बदलायचे.

तिसरे उत्तर जास्त हुशारीचे. लावदिकियाचा अपोल्लिनारिस हा नायसियाचाच माणूस. पुत्र पूर्ण देव, हे त्याला मान्य. त्याने मेळ असा घातला: देह माणसाचा, पण आतले मन, बुद्धी, निर्णय घेणारा ‘मी’ ही जागा देवाच्या शब्दाने घेतली. महाराष्ट्रात महानुभाव पंथाचा अभ्यास केलेल्याला हे वाचून काहीतरी आठवेल. परमेश्वर देह घेतो तो तीन प्रकारे, असे तो पंथ मानतो: गर्भातून येऊन, मृत देहात शिरून, किंवा देहातल्या जिवाला बाजूला सारून. भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत देहाचा परमेश्वराने स्वीकार केला आणि तेच पुढे चक्रधर स्वामी झाले, ही त्या पंथाची श्रद्धा. अपोल्लिनारिसचे उत्तर या मांडणीच्या जवळून जाते. ख्रिस्ती धर्माचार्यांनी ते नाकारले आणि ३८१च्या कॉन्स्टन्टिनोपलच्या परिषदेने त्यावर शिक्का मारला. नाझियान्झसच्या ग्रेगरीने दिलेले कारण थोडक्यात असे: जे त्याने घेतलेच नाही ते बरेही झाले नाही. माणसाचे बिघडते ते मनात. देवाने मन सोडून बाकीचे घेतले असेल, तर रोग जिथे आहे तिथे औषध पोचलेच नाही.

इतका हट्ट कशासाठी?

ग्रेगरीच्या या उत्तरात साऱ्या भांडणाची किल्ली आहे. हे पंडित तत्त्वज्ञानाचा कीस काढत होते असे वरवर वाटते. त्यांना घोर होता तारणाचा. माणूस देवापासून तुटला आहे आणि त्याला मरण आहे, हे ख्रिस्ती विचाराचे गृहीत. तो सांधा जोडायचा तर जोडणारा दोन्ही काठांना पोचायला हवा. अथनासियसने तरुणपणी देहधारणावरच एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातला रोख असा, की जीवनाचा उगमच मरणाऱ्या देहात आला, म्हणून मरणाचा जोर ओसरला. येशू देवाहून एक पायरी खाली असेल तर त्याच्याशी जोडले जाऊनही माणूस देवापर्यंत पोचत नाही. तो माणसाहून एक पायरी वर असेल तर जोडले गेले ते दुसरेच कोणी.

पाश्चात्त्य युरोपात अकराव्या शतकाच्या अखेरीस कॅन्टरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने हेच गणित वेगळ्या अंगाने मांडले: फेड माणसानेच करायला हवी, पण करू शकतो फक्त देव, म्हणून करणारा दोन्ही हवा. पुढे इ. स. १३००च्या आसपास स्कॉटलंडचा फ्रान्सिस्कन जॉन डन्स स्कोटस म्हणाला की माणसाने पाप केले नसते तरीही देव माणूस झाला असता, कारण बिघाड दुरुस्त करण्याहून प्रेमाचे कारण आधीचे. अन्सेल्मचा देव हिशेबी वाटणाऱ्यांना स्कोटस आवडतो. मलाही.

कोण? आणि काय?

आता मूळ कोडे उरले. दोन्ही पूर्ण, तर मग एकत्र कसे?

४२८ साली कॉन्स्टन्टिनोपलच्या बिशपच्या गादीवर आलेल्या नेस्तोरियसला मरीयेला ‘देवाची माता’ म्हणणे खटकले. ख्रिस्ताची माता म्हणा, असे त्याने सुचवले. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या बाळाला देव म्हणणे त्याला रुचत नव्हते, असे त्याच्या विरोधकांनी नोंदवले आहे. बाळकृष्णाला पाळण्यात घालून जोजवणाऱ्या आपल्याला याची गंमत वाटेल. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने मात्र धोका ओळखला: बाळ वेगळे आणि देव वेगळा, असे केले की एकाच्या जागी दोघे तयार होतात, शेजारी शेजारी राहणारे. ४३१ साली इफिससला परिषद भरली. तिचा कारभार वाचताना कुणाही भाविकाने मन घट्ट करावे. अंत्युखियाचे बिशप वाटेत असतानाच सिरिलने कामकाज उरकून नेस्तोरियसला पदच्युत केले. उशिरा पोचलेल्यांनी वेगळी बैठक घेऊन सिरिलला पदच्युत केले. सम्राटाने दोघांनाही नजरकैदेत टाकले. शेवटी सिरिल सुटला, नेस्तोरियस इजिप्तमध्ये हद्दपारीत गेला.

उलट टोकाला गेला तो एउतुखेस नावाचा म्हातारा मठाधिपती. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा निघत होता, की मीलनानंतर माणूसपण देवपणात विरघळून गेले. ते थोपवायला ४५१ साली बॉस्फोरसच्या पलीकडच्या काठावर खल्केदोनला परिषद भरली. ती जागा आज इस्तंबूलमधले कादिकॉय नावाचे गजबजलेले उपनगर आहे.

खल्केदोनने जे केले ते समजायला दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. एखाद्याविषयी ‘तो कोण?’ असे विचारले तर उत्तर येते त्या व्यक्तीचे. ‘तो काय?’ असे विचारले तर उत्तर येते त्याच्या जातकुळीचे, ज्याला धर्मशास्त्रात ‘स्वभाव’ म्हणतात. येशू कोण? एकच उत्तर: देवाचा अनादी पुत्र. येशू काय? दोन उत्तरे: पूर्ण देव, पूर्ण माणूस. विहिरीवर तहान कोणाला लागली? देवाच्या पुत्राला. कशामुळे लागली? माणूसपणामुळे, घशामुळे, उन्हामुळे. श्रीखंड्याविषयीचा आपला प्रश्न ख्रिस्ती माणसाला येशूबद्दल केलात तर उत्तर असे: खांदे दुखले, आणि ते देवाचे खांदे होते.

दोन स्वभाव एकत्र कसे नांदतात याला जुन्या आचार्यांनी, ओरिगेनपासून सिरिलपर्यंत, लोहाराच्या भट्टीतले उदाहरण दिले आहे. पहार विस्तवात ठेवली की लालबुंद होते. ती चटका देते, उजेड देते, ही आगीची कामे. तीच वाकते, टोचते, वजनदार असते, ही लोखंडाची. हातात धरली तर कुठला भाग आग आणि कुठला लोखंड, हे बोटाने दाखवता येत नाही. तरी आग लोखंड झालेली नसते आणि लोखंड आग झालेले नसते. उदाहरण एका जागी तोकडे पडते: पहार बाहेर काढली की निवते. देहधारण निवत नाही, असे ख्रिस्ती मत आहे.

खल्केदोनच्या ठरावात ‘कसे’ याचे उत्तर शोधू गेलात तर हाती चार नकार लागतात. दोन स्वभाव मिसळलेले नाहीत, बदललेले नाहीत, दुभागलेले नाहीत, विभक्त नाहीत. पहिले दोन नकार एउतुखेसच्या तोंडावर, पुढचे दोन नेस्तोरियसच्या. परिषदेने रस्ता दाखवला नाही. दोन्हीकडे कठडे उभारले. मधल्या जागेत काय आहे ते तिने मोकळे ठेवले, आणि इतक्या भांडणानंतर बिशपांना तेवढा संयम राहिला याचे मला कौतुक वाटते.

येशूला शेवटचा दिवस कसा माहीत नव्हता, यावर अनेक जुन्या आचार्यांचे उत्तर असे, की देव म्हणून माहीत होता, माणूस म्हणून नव्हता. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या गॉटफ्रीड थोमासियसला ते पुरेसे वाटले नाही. पौलाने लिहिलेले रिते होणे त्याने शब्दशः घेतले: सर्वज्ञता, सर्वशक्तिमत्ता पुत्राने खरोखर बाजूला ठेवली. मग तेवढा काळ विश्व कोणी सांभाळले, असे त्याला लगेच विचारले गेले. तो वाद अजून चालू आहे.

चौकट : तारखा कुठून आल्या?

२५ डिसेंबरला येशूचा जन्म साजरा होत असल्याची सर्वांत जुनी पक्की नोंद रोमची, इ. स. ३३६च्या संदर्भातली. पण देहधारण जन्मापासून मोजले जात नाही. मरीयेच्या उदरात गर्भ राहिला तो क्षण खरा, म्हणून त्याचा सण बरोबर नऊ महिने आधी, २५ मार्चला. पत्रिकेवर आपण घालतो तो इसवी सन मोजायला ५२५ साली डायोनिसियस या संन्याशाने सुरुवात केली, तीही येशूच्या देहधारणापासूनच. त्याचे गणित काही वर्षांनी चुकले असे आज अभ्यासक मानतात, कारण ज्याच्या कारकिर्दीत येशू जन्मला तो हेरोद राजा बहुधा इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. नाताळात घरोघरी होणाऱ्या गोठ्याच्या देखाव्याची प्रथा फ्रान्सिस ऑफ असिसीने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी केलेल्या देखाव्यापर्यंत मागे नेली जाते. गोव्यात त्या गोठ्यातले गवत नाचणीचे असते: डिसेंबरात ताटलीत नाचणी पेरायची, तिचे हिरवे कोंब वीतभर व्हायच्या आत बाळाच्या भोवती मांडायचे.

अवतार म्हणावे का?

मराठीत ही श्रद्धा पहिल्यांदा विस्ताराने सांगितली ती एका इंग्रज जेझुइटाने. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. पुराणासारखेच श्रोते शंका विचारतात आणि पाद्री निरसन करतो. त्या काळच्या छापील प्रती आज शिल्लक नाहीत. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. देव देहात येतो हे सांगायला पुराणाचा साचा आयता होता. अडचण पुढची होती. पुराणात देव पुन्हा पुन्हा येतो, काम झाले की रूप टाकतो आणि निजधामाला जातो. ख्रिस्ती सांगण्यात हे एकदाच घडते, आणि घेतलेला देह परत टाकला जात नाही. पुनरुत्थानानंतरही येशू थोमाला हातावरच्या खिळ्यांचे वण दाखवतो. स्वर्गारोहण होते तेही त्या देहासकट. या श्रद्धेप्रमाणे माणूसपण आता देवाच्या ठायी कायमचे आहे.

दुसरा फरक काळाचा. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरीव कबुलीत, पंतय पिलाताचे नाव येते. हा यहुदियाचा रोमन सुभेदार, इ. स. २६ ते ३६. संत नाही, प्रेषित नाही. एक मधल्या फळीतला अंमलदार. त्याचे नाव उपासनेत शतकानुशतके घेतले जाते ते तारखेसाठी. घटना ‘फार पूर्वी’ घडली नाही, अमक्या साहेबाच्या कारकिर्दीत घडली, हे त्यातून ठसते. वसईत किंवा पणजीत रविवारी मिस्सेला बसलात आणि नायसियाचा मतांगीकार चालू असेल तर आणखी एक गोष्ट दिसेल. देहधारणाचे वाक्य आले की सगळे जण माना लववतात आणि पुढच्या वाक्याला सरळ होतात. नाताळात आणि २५ मार्चला त्याच जागी गुडघे टेकतात.

कवी नारायण वामन टिळकांना अवतार आणि देहधारण यांतले हे अंतर फारसे जाणवले नसावे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. यहुदी आणि मुसलमान विचारवंतांना मात्र ही सारी मांडणीच अमान्य. येशू इस्लामला प्रेषित म्हणून वंदनीय आहे; देव जन्म घेतो हे कुराणाला नामंजूर आहे.

फुटलेल्या मंडळ्या, रंगवलेले लाकूड

खल्केदोन सर्वांनी मानले नाही. इजिप्तचे कॉप्टिक, आर्मेनियन, इथियोपियन आणि सिरियन ख्रिस्ती वेगळे झाले. देव आणि माणूस मिळून एकच संयुक्त स्वभाव, असे त्यांचे म्हणणे. केरळातल्या ऑर्थोडॉक्स आणि याकोबी मंडळ्या याच परंपरेतल्या. दुसऱ्या बाजूला, इफिसस न मानणारी पर्शियातली पूर्वेची मंडळी चीनपर्यंत गेली. शीआनचा ७८१ सालचा शिलालेख तिचाच. केरळातले जुने ख्रिस्तीही तिच्याशी जोडलेले होते. ते गोव्याचा आर्चबिशप मेनेझेस याच्या डोळ्यांवर आले. १५९९ साली उदयंपेरूरच्या सभेत त्याने त्यांच्यावर नेस्तोरियसच्या मताचा आरोप ठेवला आणि त्यांची सिरियाक पुस्तके दुरुस्त करायला किंवा जाळायला लावली. भूमध्य किनाऱ्यावरच्या भांडणाची झळ मलबारातल्या पोथ्यांना अकराशे वर्षांनी लागली. १९७३ साली पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शनौदा तिसरे यांनी, आणि १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या मंडळीचे मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदने काढून मान्य केले, की शब्द वेगळे असले तरी श्रद्धा एकच आहे.

देहधारणाचा एक परिणाम तर डोळ्यांनी दिसतो. आठव्या शतकात बायझन्टाइन सम्राटांनी चर्चमधल्या प्रतिमा फोडायला सुरुवात केली, कारण देवाची प्रतिमा करू नये ही आज्ञा. तेव्हा दमास्कसचा योहान हा संन्यासी सम्राटाच्या हद्दीबाहेर, मुसलमानी अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये राहून निर्धास्तपणे लिहीत होता. त्याने बचाव केला तो असा: न दिसणाऱ्या देवाचे चित्र काढता येत नाही हे कबूल, पण तो दिसला, त्याला चेहरा होता, आणि ज्याला चेहरा आहे त्याचे चित्र निघते. ७८७ साली पुन्हा नायसियालाच भरलेल्या परिषदेने हे मान्य केले. गोव्यातल्या वेदीवरचा सोनेरी मुलामा दिलेला लाकडी ख्रिस्त या युक्तिवादावर उभा आहे. अहमदनगरकडच्या जुन्या मिशनच्या परंपरेतल्या साध्या चर्चमध्ये मात्र नुसता मोकळा क्रूस दिसतो. तिथल्या माणसाला कारण विचाराल तर तोही देहधारणाचाच आधार देऊ शकेल: देवाने स्वतःचे रूप एकदा दाखवले आहे, त्यात सुताराने भर घालू नये.